बिनगव्हाची वडी

बायको, मनकर्णा, गेल्याचं शेषरावला वांग्याच्या वाफ्यात कळलं. शेजारच्या शेतातला उकंडराव बांधावरून ओरडला, "बुलडाण्याहून निरोप आला. वहिनी गेल्या." तिला तीन दिवसांचा ताप होता. दवाखान्यात तिच्याजवळ तिच्या भावाला बसवून शेषराव आदल्या दिवशीच वांग्यांना पाणी द्यायला अमडापूरला परतला होता. त्याने आधी पाणी पुढच्या वाफ्यात वळवलं, मग फावडं खाली ठेवलं.

तेरवी झाली. धामणगाव बढ्याहून त्याची मोठी बहीण जनकाबाई घर सांभाळायला आली. आणि महिन्याभरात त्याची नऊ वर्षांची मुलगी कोकिळा वाळायला लागली.

कोकिळाला गहू चालत नव्हता. खाल्ला की पोट फुगायचं, जुलाब व्हायचे, हातापायांच्या काड्या व्हायच्या. अकोल्याच्या डॉक्टरने दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं, गव्हाचा कणही पोटात जाता कामा नये. मनकर्णेने ते मनावर घेतलं. ज्वारीची भाकर, भगर, आणि गोड म्हणून तीळ-दाण्याची गुळातली वडी. पोर अंगाने भरली होती. आता पुन्हा तेच सुरू झालं. भाकर ती दोन घास खायची आणि सरकवायची. मागायची फक्त वडी.

पहिली वडी जनकाबाईने केली. कोकिळाने खाल्ली आणि संध्याकाळी ओकली.

"अक्का, तुह्या हाताले कणीक लागली असन," शेषराव म्हणाला.

"माह्या हाताले? हात धुतल्याबिगर मी चुलीपाशी बसत नाही, बाप्पा. मंग तूच कर!"

मग तोच बसला. हात राखेने घासले, कढई घासली, गूळ नवा आणला. पहिला पाक जमलाच नाही. वडी ताटाला अशी चिकटली की उलथन्याने खरडावी लागली. दुसरा जळला. घरभर धूर झाला. जनकाबाई पदराने डोळे पुसत म्हणाली, "लेका, वांगे लाव तू. हे बाईमानसाचं काम हाय."

"सांग ना मंग, कवा उतरवू?"

"पाक बोलते."

"मले नाही बोलत तो!"

तिसऱ्या वेळी त्याने पाकाचा थेंब पाण्यात टाकून पाहिला, दातांनी तोडून पाहिला, आणि कढई उतरवली. तीळ, दाणे घातले. पोळपाटाला तूप लावून गोळा गरम गरम लाटला. बोटं भाजली. वडी पातळ झाली, कडक झाली, मोडताना टण वाजली. जनकाबाईनेही मान हलवली. कोकिळाने दोन खाल्ल्या, तिसरी मागितली. दीड महिन्यात पहिल्यांदा तिने खाल्लेलं पुन्हा मागितलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली नाही. पोट फुगून टम्म झालं होतं. सकाळपासून चार वेळा बाहेर जाऊन आली आणि आता भिंतीला टेकून बसली होती.

"आता कोनाचे हात धुऊ?" जनकाबाई म्हणाली.

शेषराव संतापला. त्याने उरलेल्या वड्या उचलल्या आणि उकिरड्यावर फेकून आला. गव्हाचा कण नव्हता त्यात. स्वतः केली होती. गूळ, तीळ, दाणे, तूप. तरी पोर आजारी. म्हणजे गव्हाचं काही नव्हतंच. डॉक्टरने उगाच थाप मारली आणि दोन वर्षं घर नाचवलं.

"अक्का, पोळ्या लाट. हे पोट्टी आजपासून पोळी खाईन. सारं जग खाते."

"शेषराव, डाक्तरनं..."

"डाक्तर गेला उडत! होईन ते होईन. लाट तू."

जनकाबाईने कणीक काढली, तवा चढवला. पहिली पोळी लाटली. शेषरावने ती तव्यावरून काढून, तूप लावून, ताटलीत कोकिळासमोर ठेवली. कोकिळाने पोळीकडे पाहिलंच नाही. ती आत्याच्या हाताकडे बघत होती.

"बाबा," ती म्हणाली, "माय वडी ह्या पोळपाटावर नाही लाटत होती."

"मंग कशावर?"

"तिचा येगळा होता. पोळ्यायचा हा, अन् वडीचा येगळा. तुमी तेरवीले देऊन टाकला, तिच्या भांड्यायसंगं."

लाटणं थांबलं. शेषरावने पोळपाट उचलून दारात उजेडाला नेला. लाकूड जुनं होतं. मधोमध एक चीर होती, बाजूला दोन बारीक. त्याने मोठ्या चिरेत नख घातलं. वाळलेली कणीक निघाली. पुन्हा घातलं. पुन्हा निघाली. ती निघतच राहिली.

तो आत आला. ताटलीतली पोळी उचलून त्याने जनकाबाईकडे सरकवली.

"इतके दिवस सांगितलं काऊन नाही, वं?"

कोकिळाने मान खाली घातली.

"माय म्हने, बाबाले नोको सांगू. ते हासतात."

तो हसला होता. अकोल्याहून परत येताना, मोटारीत, सगळ्यांच्या देखत. गव्हानं कुठं कोनी आजारी पडते काय, म्हणाला होता. मनकर्णा खिडकीबाहेर बघत बसली होती. पुढे दोन वर्षं तिने त्या गोष्टीचं नावही त्याच्यापाशी काढलं नाही.

त्याने खाली बसून विचारलं, "आनखी काय काय येगळं होतं?"

"मले नाही मालूम. माय दार लोटून करे."

तेरवीला दिलेलं कोणी परत मागत नाही. नवा पोळपाट सुतार करून देईल. पण दिलेल्या भांड्यांत कोकिळाची कोणती होती, ते शेषरावला अजून कळलेलं नाही.