हक्काचं मत

राजदूतांनी कानातलं भाषांतराचं यंत्र काढलं, झटकलं आणि पुन्हा लावलं. आकडा काही बदलला नाही. आंतरराष्ट्रीय परिषदेतली दोन वर्षांची एक खुर्ची, आणि तिच्यासाठी उभे दोन देश. समोरच्याला एकशे सत्त्याऐंशी मतं पडली होती. यांना एक.

शेजारी बसलेल्या सचिव बाईंनी मांडीवरची फाइल हळूच मिटली. तिच्यात एकशे बेचाळीस देशांची पाठिंब्याची पत्रं होती, सहीशिक्क्यासकट. त्यांच्यासाठी राजदूत दोन वर्षं झिजले होते. कुणाच्या सासूच्या गुडघ्यांची चौकशी केली, कुणाची तीन-तीन तासांची भाषणं डोळे उघडे ठेवून ऐकली. "तुम्ही आम्हाला इथे मत द्या, आम्ही तुम्हाला तिथे देऊ," हा तर या धंद्याचा रिवाजच. मतदान मात्र गुप्त. तिथे एकाही पठ्ठ्याने शब्द पाळला नव्हता.

खुर्ची मिळाली असती तर राजदूतांची मुदत वाढणार होती. नाही मिळाली तर मायदेशी परत, तळमजल्यावर, जुन्या फायलींच्या खात्यात. मंत्र्यांनी तसं आधीच बजावलं होतं.

ते व्हरांड्यात येतात न येतात तोच फोन वाजला. मंत्रीच होते. त्यांचा आवाज सचिव बाईंना दोन हातांवरूनही स्पष्ट ऐकू येत होता.

"नाक कापलंत आमचं! कोण कोण उलटलं? सगळ्यांची नावं पाठवा!"

"साहेब, यादी फार लांबेल. त्यापेक्षा ज्याने मत दिलं त्याचं एक नाव सांगतो."

"ते काय सांगायचं? तुम्हीच दिलंत! तेवढं एक हक्काचं होतं म्हणून पडलं."

"हो साहेब" म्हटलं की काम भागत होतं. आयुष्यभर राजदूतांनी असल्या गोड खोट्याचाच पगार घेतला होता. पण आज त्यांना त्या सगळ्याचा मनापासून वीट आला होता.

"नाही साहेब. ते समोरच्या देशाच्या राजदूताचं. मतांची अदलाबदल त्याच्याशीही ठरली होती माझी. चिठ्ठ्या एकमेकांना दाखवूनच टाकल्या आम्ही. अख्ख्या सभागृहात शब्दाला जागणारे दोघंच निघालो."