शिरोरेघ

"काच हाय का दगूड? हात लावलेला कळतच न्हाई हिला," बन्सी पेंटर पुटपुटला. जवळ रंग ढवळत बसलेल्या त्याच्या बायकोला, ताईबाईला, तेवढं ऐकू गेलं.

त्याच्या डाव्या तळहातावर दीक्षानं पुण्याच्या ऑफिसातून आणलेला, वहीच्या निम्म्या आकाराचा कॉम्प्युटर होता. काडीनं काचेवर लिहिलं की अक्षर आत उमटायचं. लेकीच्या कंपनीला बापाच्या अक्षराचं वळण हवं होतं. त्यावरून कॉम्प्युटरची अक्षरं घडणार होती आणि त्यांना नाव पडणार होतं 'बन्सी'. नमुना आजच्याच गाडीनं न्यायचा होता.

ही काच दाबल्याशिवाय ऐकत नाही, असं दीक्षानं चारदा समजावलं. पण तीस वर्षं ओल्या रंगावर हात अधांतरी धरणारा माणूस दाबणार कसा? ब्रशासारखी काडी अलगद फिरवली, तर रेघ तुटक आली. रेटून ओढली तेव्हा सलग आली, पण शिरोरेघ पार शेवईसारखी वाकडीतिकडी.

काडी टेकेल तिथंच रेघ उमटावी म्हणून दीक्षानं कोपऱ्यांतल्या फुल्यांवर काडी टोचून काचेचा नेम पुन्हा लावला. रेघ तशीच. बाजारात रसाचं दुकान टाकणारा संपत आपली पाटी न्यायला आला होता. त्याच्या मते काच उन्हानं तापली होती. दीक्षा म्हणाली, चार्जिंग उतरलं असेल. ताईबाईनं तर काचेला घाम आलाय म्हणून ती पदरानं पुसूनही दिली. बन्सीच्या उजव्या हाताकडं मात्र कुणीच बघेना.

शिक्रापुरात फ्लेक्स येऊन वर्ष झालं होतं, तरी तळेगावात पाटी म्हंजी बन्सीचीच. संपतची भिंतीला टेकून वाळत होती. 'सायली रसवंती गृह'. शिरोरेघ एका दमात ओढलेली, सुताराच्या दोरीनं शिकावी अशी. कोपऱ्यात 'बन्सी आर्ट'. तेवढी सही त्याची. बाकी सगळी पाटी ताईबाईनं लिहिली होती, दार लोटून, गेल्या दोन वर्षांतल्या सगळ्या पाट्यांसारखी. सही जरा हलायची, पण हललेल्या सहीला लोक स्टाइल म्हणतात.

"आई, तू एक रेघ ओढून बघ," दीक्षा म्हणाली. "मशीन बिघडलंय का ते तरी कळंल."

ताईबाईनं हात पुसून काडी घेतली. किती दाबायचं ते तिला टेकवताक्षणीच कळलं. खरबरीत पत्र्यावर पहिला हात मारताना दाबतात, तेवढंच. मग तिनं संपतकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं, आणि मनगट सैल सोडून वाकडी रेघ काढली. वाकडी काढायला तिला फार कष्ट पडले.

"बघा, माझीबी तशीच," ती म्हणाली. "मशीनच खराब हाय."

संपतनं सुटल्यासारखी मान हलवली. दीक्षा त्या दोन रेघांकडं बघत राहिली.

बन्सीनं थरथरता हात पुढं केला. बायकोचं मनगट धरून काडीसकट काचेवर टेकवलं आणि आपला हात काढून घेतला.

"संपतची पाटी लिवताना हालला का तुझा हात?" तो म्हणाला. "दोन वर्सं गावाच्या पाट्या तूच लिवतीयास. माझ्या हातात आता सहीपुरतंच उरलंय. ओढ सरळ."