तृणवत्

जीवसंवर्धन केंद्रात आता एकाच जातीपुरती जागा उरली होती. हिमालयातील पिका, म्हणजे सशाचा मुठीएवढा आप्त, वाचवावा की कोकणकिनाऱ्याची वाळू धरून ठेवणारे गवत, याचा निवाडा यंत्राकडे होता. त्याला समग्र मराठी वाङ्मय पढवलेले होते.

"पिका," यंत्र म्हणाले. "गवताविषयी आपल्या साऱ्या ग्रंथांचे एकमत आहे. तृणवत् म्हणजे तुच्छ."

वनस्पतिशास्त्रज्ञ मंदाकिनी तांडेल यांचे गाव त्याच गवताच्या आधाराने वसले होते. "अरे, ती उपमा आहे!" त्या कळवळून म्हणाल्या.

"ताई, शेवटी गवतच ना ते?" केंद्रपाल वैकुंठराव हसले. "गावाला दुसरीकडे जागा देतील."

पुढल्या आषाढात समुद्र गावात शिरला, तो परतलाच नाही.

मंदाकिनीबाई त्या गवताची शेवटची पेंढी घेऊन केंद्रात आल्या आणि ती त्यांनी पिकापुढे ठेवली. पिकाने एकेक काडी तोंडात धरून दिव्याखाली नेली, वाळण्यासाठी पसरली आणि तो त्या काड्यांशेजारी पहाऱ्याला बसला.

"हा काय करतोय?" वैकुंठरावांनी विचारले.

"गवत जपतोय," बाई म्हणाल्या. "त्याला मराठी येत नाही."