साव्हेपलीकडचं घर

१९१४ च्या जुलैतल्या एका पहाटे सर्बियानं साव्हा नदीवरचा पूल उडवला. उजाडेपर्यंत अलीकडच्या काठावर, झेमुनमध्ये, ऑस्ट्रियाच्या तोफा मांडून झाल्या होत्या. त्यातल्या एका तोफेचा नेम धरायचं काम लाझारकडे होतं.

"काय रे, सासरवाडी दिसते का?" शेजारच्या श्टेफनं विचारलं.

"दिसते."

"मग हात तरी हलव. जावईबापू आलेत म्हणावं, तोफ घेऊन!"

लाझार हसला नाही. तोही सर्बच. पण जन्मला नदीच्या या बाजूला, म्हणून ऑस्ट्रियाच्या बादशहाचा शिपाई. समोर सर्बियाचं बेलग्रेड होतं, त्याच्या बायकोचं, पेर्सिदाचं माहेर.

काल युद्ध जाहीर झालं, त्या दुपारीच पेर्सिदा नावेनं पलीकडे गेली होती. "बाबा एकटे आहेत. त्यांना घेऊनच येते," म्हणाली. तेवढ्यात लाझारला पलटणीचं बोलावणं आलं. ती परतायच्या आत त्याला निघावं लागलं. रात्रभर जीव टांगणीला. सकाळी गल्लीतला एक कोळी तोफांपाशी येऊन सांगून गेला, "तुझा सासरा उतरला बरं का शेवटच्या नावेतून. एकूण एक राजाला शिव्या घालत होता!"

लाझारचा जीव भांड्यात पडला.

लेफ्टनंट मागे येऊन उभा राहिला. "काठावरच्या त्या घरांच्या आडून गोळ्या येताहेत. कुठलंही एक धर आणि पाड. का भाऊबंदांवर हात उचलत नाही?"

"उचलतो, साहेब."

त्यानं दुर्बिणीला डोळा लावला. एका सज्ज्यात एक बाई घाईघाईनं गाद्या आत ओढत होती. शेजारच्या धुराड्यातून धूर निघत होता. पुढच्या दारात कुणीतरी म्हातारी खुर्ची धरून उभी होती.

मग सासऱ्याचं घर आलं. खिडक्या बंद. धूर नाही. तनासिये म्हाताऱ्यानं सगळी उमर तांब्याची भांडी ठोकून बांधलेलं घर. याच अंगणात लाझारची वरात थांबली होती.

त्यानं तोफ त्या घरावर रोखली.

पहिला गोळा पाण्यात पडला. दुसऱ्यानं छप्पर उचललं आणि खाली टाकलं. धूळ बसली तेव्हा फक्त एक भिंत उभी होती.

"शाब्बास," लेफ्टनंट म्हणाला.

निदान आज तरी आपल्या हातून कुणाचा जीव गेला नाही, असं लाझार मनाशी घोकत राहिला. उद्याचं मात्र त्याला सांगता येत नव्हतं. परवाचंही.

संध्याकाळी थोडा वेळ घरी जायची परवानगी मिळाली. तनासिये फाटकातच उभा होता. दाढी वाढलेली, टोपीचा पत्ता नाही. लाझारला पाहताच त्यानं त्याची बाही धरली.

"एखादी नाव मिळवून दे रे. तुझ्या साहेबाच्या पाया पडतो. मला पलीकडे जायचंय."

"परत जाऊन काय करणार, बाबा?" लाझारनं मान खाली घातली. "घर राहिलं नाही. मीच पाडलं. दुसऱ्या कुणाचं पाडलं असतं तर माणसं मेली असती हो. लढाई संपू दे, तुम्हाला नवीन बांधून देतो."

बाहीवरची म्हाताऱ्याची पकड हळूहळू सुटली.

"नावेत एकाच माणसापुरती जागा होती," तो म्हणाला. "पेर्सिदा म्हणाली, तुम्ही जा, बाबा. मी दारं-खिडक्या लावून घरात बसते."