पांढऱ्याशुभ्र कुरडया

कडूबाईनं पातेल्यात एकदाच नजर टाकली आणि तिला कळलं, चीक कच्चा राहिलाय. शिजला की तो कसा चमकायला लागतो. हा कडेला अजून दुधासारखा पांढरा होता. त्यात धाकट्या जावेनं, मोनिकानं, ओलं बोट लावून बघितलंच नव्हतं. बोटाला चिकटला तर कच्चा, हे आळीतल्या शेंबड्या पोरीलासुद्धा ठाऊक. पण गच्चीवर बायका सोऱ्ये घेऊन खोळंबलेल्या, ऊन चढायला लागलेलं, त्या घाईत राहून गेलं. मोनिकानं फडक्यानं पातेलं धरलं आणि चुलीवरून उतरवलं.

कडूबाईनं तोंड उघडलं.

"कडू, तू वर जाऊन कागद हातर गं," सासू गोजरबाई म्हणाली. "हितलं मोनिका बघती समदं. हाताला गुण हाय तिच्या."

कडूबाईनं तोंड मिटलं.

वीस वर्षं या घरातला चीक तिचं बोट लागल्याशिवाय उतरला नव्हता. चुका दिसायच्या तिला, त्याला ती तरी काय करणार! कॅलेंडरचं पान उलटायचं राहिलंय, गाईच्या दाव्याची गाठ सुटायला आलीय, पाहुण्याच्या ताटात मीठच वाढलं नाही. सासू चारचौघीत सांगायची, कडूच्या नजरेतून मुंगी सुटायची न्हाई. आणि दोन वर्षांमागं ही मोनिका आली काय, घर नुसतं तिच्याभोवती फिरायला लागलं. चहा मोनिकाचा, रांगोळी मोनिकाची. आता नणंदेचं, रेश्माचं लग्न दहा दिवसांवर, तिच्या रुखवतात मांडायच्या कुरडया, आणि चीक हाटायचा मान कुणाला? तर मोनिकाला!

होऊ दे फजिती. कळू दे एकदाचं सगळ्यांना. ती जिना चढून वर गेली.

"अगं बया, काय पांढऱ्याशुभ्र पडल्यात!" पहिल्याच कुरडईला बायका भाळल्या. एकीनं तर मोबाईल काढून फोटो घेतला. जो दोष, त्याचंच कौतुक! इतक्या जणी बसल्यात, एकीलाही दिसू नये? कडूबाई मुकाट्यानं सोऱ्या दाबत राहिली. मोनिका दर खेपेला चीक घेऊन वर यायची आणि आधी कडूबाईच्या तोंडाकडं बघायची. मिरवती बघ कशी, कडूबाईला वाटायचं. ती मान खाली घालायची.

मग रेश्मा चहा घेऊन आली आणि कडूबाईला खेटून बसली. "वहिनी, चांगल्या झाल्यात ना? सासरकडच्या जामखेडच्या आत्या रुखवतातलं एकेक उचलून बघनार हायेत म्हनं."

रेश्माची पहिली वेणी कडूबाईनं घातली होती. तिनं सोऱ्यात नवा चीक भरला.

"झाल्यात की," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोजरबाई वाळवण काढायला वर गेली आणि तिथूनच ओरडली. सगळ्या धावल्या. कागदभर कुरडया तडकल्या होत्या. उचलायला जावं तर हातात भुगा येत होता. कडूबाईला आधी बरं वाटलं, अगदी गार वाटलं. मग तिनं रेश्माचं तोंड बघितलं आणि ते बरं वाटणं कुठल्या कुठं गेलं.

"काय केलंस गं हे?" गोजरबाई मोनिकावर तडकली. "चीक कच्चाच उतरीवलास?"

मोनिकाचे डोळे भरून आले. "आत्याबाई, मला काय कळतंय त्यातलं? मी दर खेपंला आक्कांकडं बगत हुते. त्या काय बोलल्या न्हाईत. म्हनलं, त्यांच्या नजरंखालनं गेलंय, म्हंजी बरूबर आसल."

सगळ्यांची तोंडं कडूबाईकडं वळली.

"कडू," गोजरबाईनं विचारलं, "तुला दिसलं न्हाई व्हय गं?"

दिसलं म्हणावं, तर गप्प का बसलीस? कडूबाईनं पदर तोंडावरून फिरवला.

"न्हाई दिसलं, आत्याबाई."

गोजरबाईचा राग तिथंच उतरला. "आसू दे. वय व्हतंय आता तुजंबी. आजच गहू भिजत घालू, अजून हायेत दिस." ती रेश्माला घेऊन खाली गेली.

मोनिकानं डोळे पुसले. गच्चीच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात बसून ती भुगा सुपात भरायला लागली. कडूबाई जिन्याशीच उभी. खाली जावंसं वाटेना, जवळ जावंसं वाटेना.

"आक्का," मोनिका तिथूनच म्हणाली, "रविवारी चला माज्याबरूबर नगरला. चांगला डॉक्टर हाय डोळ्यांचा, माज्या आईला त्यानंच चष्मा दिला. डोळं गेलं तर कसं व्हायचं? घराला तुमचाच तर आधार हाय."

कडूबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं मान डोलावली.

मोनिका पुन्हा खाली वाकली, तशी कडूबाई एकदम ओरडली, "अगं थांब, हालू नगंस! डाव्या कानाची फिरकी सुटलीय तुज्या. पडंल फूल त्या भुग्यात!"

मोनिकाचा हात कानाला गेला. फिरकी नुसती टोकावर राहिली होती, बोट लागताच हातात आली. हरभऱ्याच्या डाळीएवढी. तिनं तळहातावरच्या फिरकीकडं बघितलं, मग एवढ्या लांब जिन्याशी उभ्या असलेल्या जावेकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"आक्का," ती हळूच म्हणाली, "मंग रविवारचं नगरला जायचं ऱ्हाऊ द्यायचं ना?"