नॉर्वेतले रविवार

"कुणाचा विश्वास बसणार नाही, उग्ने, पण नॉर्वेत दर रविवारी मी बास्केटबॉल खेळायचो!" कोठाराच्या भिंतीवर ठोकलेल्या पिंपाच्या कड्याखाली उभा राहून, कालच कायमचा घरी परतलेला रिमविदास लेकीला सांगत होता. "अर्ध्या मैदानातून भिरकावला तरी चेंडू आत. तिथली माणसं मला खांद्यावर घेऊन नाचायची!"

खरं तर त्याची तिथली सगळी वर्षं मासळीच्या कारखान्यात मासे साफ करण्यात गेली होती, रविवारासकट. चेंडूला हात लावायला फुरसत कुणाला होती? पण आमच्या लिथुआनियात दुडदुडणारं पोरही कड्यावर नेम धरतं. अशा ठिकाणी बापाने पोटच्या पोरीला 'मला शिकव' कुठल्या तोंडाने म्हणावं?

त्याने चेंडू फेकला. तो छपरावर आदळला आणि घरंगळत बटाट्याच्या वाफ्यात गेला.

"वारा सुटलाय," तो म्हणाला.

उग्नेने चेंडू आणला, सहज कड्यातून पार केला आणि बापाच्या हातात दिला.

"बाबा, अर्ध्या मैदानाची थाप आहे, ते दिसतंच आहे," ती म्हणाली. "पण रविवारी कामामुळे फोन करता येत नाही म्हणायचास, तीसुद्धा थापच होती होय?"