काचेसमोरचा बाक

रेडिओ केंद्राचे मालक पिमसाहेब यांनी स्टुडिओच्या काचेवर पंजा ठेवला आणि सांगितलं, की पुढच्या महिन्यापासून इथे सोफ्यांची जाहिरात लागेल.

"पूर्ण काचेवर?" निवेदक क्लिफ हारग्रीव्ह्जने विचारलं.

"पूर्ण. रेडिओवर तोंड कोण बघतं, क्लिफ?"

क्लिफने बाहेर पाहिलं. काचेपलीकडे, रस्त्यावरच्या बाकावर त्याची आई बसली होती. डोक्याला रुमाल, मांडीवर चहाचा थर्मास. सकाळच्या वेळी हिल्डा त्या बाकावर दिसली नाही, तर बर्नली गावचे लोक आधी आपलं घड्याळ तपासायचे.

हे केंद्र निघालं तेव्हा रस्त्याच्या अंगाला हौसेने काच ठेवली होती. दारावर स्पीकरचा एक लाकडी डबा होता. कार्यक्रम त्यातून फुटपाथवर ऐकू यायचा. सुरुवातीला गर्दी जमायची. मग गावाला सवय झाली आणि बाकावर राहिली ती एकटी हिल्डा.

शाळा सुटल्यावर हिल्डा जी कापडगिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, शिरली, ती गिरणी बंद पडेपर्यंत तिथेच होती. त्या खडखडाटात कुणाचा आवाज कुणाला पोचत नसे. बायका आवाज न काढता, नुसते ओठ ताणून, तोंड मोठं करून चार साच्यांपलीकडच्या मैत्रिणीशी गप्पा मारायच्या, आणि ती ओठांवरून ओळखायची. सोयरिकी तिथेच जुळायच्या, भांडणंही तिथेच व्हायची. क्लिफ बोलायला शिकला तो अशा आईकडून. म्हणून त्याचा एकेक शब्द सुटा, धुऊन वाळत घातल्यासारखा. क्लिफने हवामान सांगितलं की पाऊससुद्धा रांगेत पडतो, असं लोक म्हणत. केंद्रातले सोबती मात्र विचारायचे, तोंडात टॉफी अडकलीय का रे?

मध्यंतरी त्याला लंडनहून बोलावणं आलं होतं. सगळ्या देशात ऐकू जाणारा कार्यक्रम. क्लिफ स्टुडिओ बघून आला आणि नको म्हणाला. "तळघरात आहे," एवढंच त्याने कारण दिलं. गावाने त्याला वेड्यात काढलं. चाळिशीतला बाप्या, अजून आईचं बाळ.

समोरच्या चहाच्या दुकानातली मॉरीन हिल्डालाही सोडत नसे. थर्मास भरून देताना म्हणायची, "पोरगा रेडिओवर आणि तुझ्या घरच्या रेडिओवर धूळ. शेगडीपाशी बसून ऐक की, बाई."

"घरून त्याचा टाय कसा दिसेल?" हिल्डा म्हणायची.

ती मिरवायला येते, असं मॉरीनचं मत होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. बाकावर कुणी नवखा टेकला, की हिल्डा काचेकडे बोट दाखवून सांगायची, "तो माझा." कार्यक्रम संपला की क्लिफ बाहेर येऊन तिच्यासमोर उकिडवा बसे. मग निकाल लागे. आज बातम्या गिळल्यास. आज बरा होतास. केस काप.

क्लिफने पिमसाहेबांना एकदाच विनंती केली, की निदान अर्धी काच मोकळी ठेवा.

"अर्धा सोफा कोण विकत घेईल?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी क्लिफने नोकरी सोडली. उमेदीची सगळी वर्षं त्या खुर्चीत गेलेली, निवृत्ती अजून लांब होती. आता पॉडकास्ट करणार, म्हणाला. म्हणजे कार्यक्रम घरच्या घरी ध्वनिमुद्रित करायचा आणि इंटरनेटवर सोडायचा, ज्याला हवा त्याने हवा तेव्हा ऐकावा. त्याच्याबरोबर बाहेर पडलेला तंत्रज्ञ ट्रेव्हर खूश झाला. जागेचा खर्च नाही. कोटांच्या कपाटात शिरून बोललं तरी आवाज झकास येतो, सगळे तेच करतात.

क्लिफने घर गहाण टाकलं आणि बाजाराच्या गल्लीतलं बंद पडलेलं खाटकाचं दुकान घेतलं. दर्शनी बाजूला वरपासून खालपर्यंत काच.

"काचेवर आवाज आपटतो," ट्रेव्हर म्हणाला. "हे तुला मी शिकवू?"

"बाकी काय हवं ते बदल. काच राहील."

"बुडशील."

"बुडेन."

ट्रेव्हरने कुरकुरत उरलेल्या तीन भिंतींना जुने गालिचे टांगले. केंद्राने टाकून दिलेला तो लाकडी डबा त्याने आठवण म्हणून आणला होता, तो दारावर ठोकला. क्लिफने बाहेर एक बाक आणून ठेवला.

पुढे तो पॉडकास्ट ऑस्ट्रेलियात जाऊन राहिलेल्या म्हाताऱ्या विणकरणींपर्यंत पोचला, त्याला बक्षिसं मिळाली, घरही सुटलं. पण ते मागाहून. पहिल्या सकाळी गल्लीत एकटी हिल्डा होती, नवा रुमाल बांधून.

क्लिफ माईकसमोर बसला, काचेकडे तोंड करून, आणि गिरणीबद्दल बोलला. साचेखात्यातल्या बायका, त्यांची थट्टा, सुट्टीत समुद्रावर, ब्लॅकपूलला निघालेल्या आगगाड्या. शेवटी म्हणाला, की मला बोलायला शिकवलं ते त्या खात्यातल्या एका बाईने, आणि आजवर जे बोललो ते तिच्यासाठीच. ट्रेव्हरने कानावरचे हेडफोन काढून डोळे पुसले. मग त्याचं लक्ष भिंतीपाशी लोंबणाऱ्या वायरीकडे गेलं, आणि तो कपाळावर हात मारून बाहेर धावला.

"काकू!" तो दारातून म्हणाला. हिल्डा काचेकडेच बघत होती. तो वळसा घालून तिच्यासमोर आला. तिचे गाल ओले होते.

"शेवट चांगला केला," ती म्हणाली. "पण ब्लॅकपूलची गाडी त्याने चुकीच्या स्टेशनावरून सोडली. सांग त्याला."

ट्रेव्हर तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने दारावर बोट दाखवलं. "काकू, तो डबा जोडायचा राहिला होता. बाहेर आवाजच नव्हता."

हिल्डाने मान वर करून डब्याकडे पाहिलं.

"त्यातून आवाज येतो होय?" ती म्हणाली. "मला इतकी वर्षं वाटत होतं, तो चिमण्यांसाठी लावलाय."